भूमितीच्या धड्यांमागचा आवाज

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. त्या दिवशी दुपारचे दोन तास रद्द झाले, म्हणून मी तीनच्या सुमाराला घरी आले. राजारामपुरीत आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले आणि वरून आईचा आवाज आला.

"आगं, दूध बघ जरा."

एवढंच. मी कठडा धरून जागच्या जागी थांबले. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

वर टीव्हीसारखं काहीतरी मोठ्यानं चालू होतं. आईचा आवाज पुन्हा आला नाही. मग वर जाऊन दाराच्या लॅचला चावी लावली. आत आप्पा, म्हणजे माझे वडील, कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर मीच होते, फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत होते. आवाज एवढा मोठा ठेवलेला की कपाटाच्या काचा थरथरत होत्या.

"आप्पा, काय बघताय?" मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं. त्यांना मोठ्यानंच विचारावं लागतं.

"गणित," ते म्हणाले. "चौथीत सुटलं न्हवं का. बघावं म्हटलं."

मला हसू आलं. जिन्यातल्या आवाजाचं मी त्यांना काही बोलले नाही. माणूस गेल्यावर असं होतं, हे मला ठाऊक होतं. कुकरच्या शिट्टीतसुद्धा मला दोन-तीनदा आईनं हाक मारल्यासारखं वाटलं होतं.

माझं लग्न झालेलं नाही. मी हायस्कूलला गणित शिकवते. आप्पा कबनूरचे. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर जॉबरचं काम केलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो खोलून, घासून, पुन्हा लयीत आणून देणारा माणूस. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले तेव्हा मी त्या दोघांना माझ्याकडे घेऊन आले. मी हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून ऑनलाइन वर्ग घ्यायचे, आई स्वयंपाकघरात असायची, आणि आप्पा दोन्हीच्या मधे पेपर घेऊन बसायचे. ज्या मुलांकडे नेटवर्क नव्हतं त्यांच्यासाठी मी प्रत्येक तास रेकॉर्ड करून ठेवायचे. पुढं आई आजारी पडली आणि गेली. आप्पा माझ्याकडेच राहिले.

ते धडे कॉम्प्युटरवर तसेच पडून होते. त्यांची आठवणही मला राहिली नव्हती. आप्पांनी मात्र एकदा कुठलं बटण, कुठलं फोल्डर एवढं विचारून घेतलं, आणि रोज दुपारी मी शाळेत असताना ते एकटेच बसून बघायला लागले.

डिसेंबरात कॉम्प्युटर फारच संथ झाला. प्रश्नपत्रिकेची फाइल उघडायला सांगावी आणि तोवर भाजी चिरून व्हावी. सहामाहीचे निकाल भरायचे होते. मी वैतागून टेबलावर हात आपटला, तसे आप्पा उठून आले. वाकून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवला. माणसांचं साधं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, पण यंत्राचं हाताला कळतं.

"ह्येच्यात काय फिरतंय?"

"डिस्क. तबकडी असते, आप्पा. तिच्यावरून एक सुईसारखं हलत राहतं आणि वाचतं."

"ते लई पळतंय. एका जागी ठरंना झालंय."

ते बरोबर होतं. मी त्यांना समजावून सांगितलं. आपण एक फाइल ठेवली तरी डिस्क ती एका जागी ठेवतेच असं नाही. जिथं मोकळं सापडेल तिथं तुकडे तुकडे करून ठेवते. मग ती एक फाइल वाचायला सुईला दहा ठिकाणी धावावं लागतं. ते तुकडे गोळा करून पुन्हा सलग लावणं, याला डीफ्रॅगमेंट करणं म्हणतात.

"म्हंजे मागावर तुटलेल्या ताण्याला गाठी मारत बसलंय बिचारं," आप्पा म्हणाले. "लाव की मग नीट. तुला येतंय न्हवं?"

मला येत होतं असं नाही, पण मी गणिताची शिक्षिका. पायरी पायरीनं गेलं की सुटतं, अशी माझी समजूत. रोज संध्याकाळी अर्धा तास मी त्यासाठी काढायला लागले. पहिल्या दिवशी तपासणी केली, तर डी ड्राइव्हचा मोठा भाग विस्कटलेला निघाला. काम सुरू केलं, आकडा बारा टक्क्यांपर्यंत चढला आणि तिथंच बसला. दुसऱ्या दिवशी तेच. मग कळलं की डिस्कवर चुका असतील तर आधी त्या तपासून घ्याव्या लागतात. ती तपासणी लावून कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर काळ्या पडद्यावर टक्के सरकत राहिले आणि जेवणं होईपर्यंत काही दुसरं करता आलं नाही. तपासणी झाली. डीफ्रॅग पुन्हा लावलं. या वेळी सरळ निरोपच आला, मोकळी जागा पुरेशी नाही. तुकडे इकडचे तिकडे हलवायला अंगण लागतं. निदान पंधरा टक्के जागा रिकामी पाहिजे, आणि माझ्याकडे जेमतेम चार होती.

रविवार उजाडला. रविवारी आप्पा सकाळच्या एसटीनं कबनूरला जातात. जुने जॉबर चहाच्या गाड्यावर जमतात, त्यांच्यात दिवस घालवून संध्याकाळी येतात. मी निवांतपणे बसले. कचरापेटी रिकामी केली, नको ते प्रोग्रॅम काढले, तरी सात टक्क्यांच्या वर जागा होईना. मग सगळ्यांत जास्त जागा काय खातंय ते बघितलं. धडे खात होते.

एक उघडून पाहिला. त्यात माझे केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, मागं दोरीवर टॉवेल. दहा सेकंदांत बंद केला. स्वतःला तसं बघायला कुणाला आवडतं?

आप्पांचा विचार मी केलाच नाही, असं मात्र नाही. त्यांच्यासाठी मी चार धडे निवडून ठेवले. अगदी शेवटशेवटचे, तोवर माझा हात बसला होता. आवाज स्वच्छ, मागं कसली गडबड नाही. पायथागोरसचे दोन आणि वर्तुळाचे दोन. एवढे शिकले तरी खूप झालं, असं मनाशी म्हणाले आणि बाकीचे सगळे पुसून टाकले. ते कचरापेटीत मावत नव्हते, म्हणून कायमचेच पुसले. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं.

मग डीफ्रॅग लावलं. या वेळी अडलं नाही. दिवसभर आकडे चढत गेले. मी कपडे वाळत घातले, भाकरी केल्या, मधून मधून येऊन बघत राहिले. संध्याकाळी शंभर झाले. प्रश्नपत्रिकेची फाइल टिचकीसरशी उघडली. आप्पा आले तेव्हा मी लहान पोरीसारखं त्यांना ओढत नेऊन दाखवलं. त्यांनी डब्याला हात लावला.

"आता कसं," ते म्हणाले. "लयीत हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आप्पा खुर्चीत बसलेले, पण पडद्यावर काहीच चाललेलं नव्हतं.

"आधीचं कुठं हाय गं?"

"आधीचं काय?"

"गणिताचं. हे न्हवं, आधीचं."

"ते पुसलं, आप्पा. जागाच नव्हती. पण बघा की, कसा पळतोय आता."

त्यांनी डब्याला हात लावून बघितला.

"व्हय," ते म्हणाले. "पळतोय खरं."

त्यानंतर ते कॉम्प्युटरकडे गेले नाहीत. दुपारी पडून राहायला लागले. अर्धी भाकरी टाकून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, भूक न्हाय. मी रक्त तपासून आणलं, साखर बघितली. सगळं ठीक होतं. मला वाटलं, वय.

आठ-दहा दिवसांनी शेजारच्या काकू आल्या. आमच्या समोरच्याच दारात त्या एकट्या राहतात, आईची आणि त्यांची चांगली ऊठबस होती. विरजण मागायला म्हणून आल्या आणि वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा की, काकू."

"तू काही शांत, पूजा वगैरे करून घेतलीस का घरात?"

"नाही. का हो?"

काकूंनी आतल्या खोलीकडे बघितलं. आप्पा झोपले होते. तरी त्या हळूच म्हणाल्या, "दुपारी तुमच्याकडच्या त्या गलक्यातून तुझ्या आईचा आवाज यायचा. रोज. मी कुणाला बोलले नाही, लोक मलाच वेडी म्हणतील. सुरुवातीला भ्यायले. मग सवय झाली. दुपारची झोप येत नाही मला, तेवढीच सोबत वाटायची. आता आठ दिवस झाले, येतच नाही. म्हटलं, तू काही करून घेतलंस की काय."

मला जिन्यातलं वळण आठवलं. "आगं, दूध बघ जरा." ते माझ्या मनात नव्हतं. ते खरोखर ऐकू आलं होतं, मोठ्या आवाजात लावलेल्या भूमितीच्या तासामागून, स्वयंपाकघरातून, चार वर्षांपूर्वीचं.

काकूंना विरजण दिलं की नाही हेही आता आठवत नाही. मी आतल्या खोलीत गेले आणि आप्पांना हलवून उठवलं.

"आप्पा, तुम्ही आईला ऐकत होता?"

ते उठून बसले. डोळे पुसले.

"व्हय."

"मग मला सांगायचं न्हाय?" माझ्या तोंडातही त्यांचीच भाषा आली.

"काय सांगायचं? तुझं कामाचं यंत्र. आणि पुसल्यावर सांगून काय उपेग हुता? तू रडत बसली असतीस."

रडत तर मी बसलेच होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन राजारामपुरीतल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. पन्नाशीचा शांत माणूस. मी सांगितलं ते त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पुसल्यावर काय केलं, मॅडम?"

"डीफ्रॅग."

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"पुसल्या पुसल्या बंद करून आणला असता तर मिळालं असतं. फाइल पुसली म्हंजे नुसती दारावरची पाटी निघते, सामान आतच असतंय. तुम्ही डीफ्रॅग केलं म्हंजे त्या रिकाम्या घरांत दुसरी बिऱ्हाडं आणून बसवली."

तरी त्यानं प्रयत्न केला. दोन दिवसांनी बोलावलं. पडद्यावर सगळ्या धड्यांची नावं परत आली होती. 'नववी, समांतर रेषा', 'नववी, त्रिकोण ३'. ओळीनं, लांबीसकट. क्षणभर मला वाटलं, मिळालं! त्यानं पहिला उघडला, नाही उघडला. दुसरा, नाही. नावाच्या आत कुठं प्रश्नपत्रिका होती, कुठं कुणाच्या लग्नातल्या फोटोंचे तुकडे. एक तेवढा चालू झाला. हिरवे चौकोन, मधे माझा अर्धा चेहरा, आणि माझाच आवाज, "म्हणून हा कोन... हा कोन... हा कोन..." अकरा सेकंद. मग तोही थांबला.

"माझीच भीती वाटायला लागली मला," असं मी त्या माणसाला म्हणाले. त्यानं डबा रिक्षापर्यंत उचलून आणून दिला.

पुढचे दिवस मी वाट्टेल त्याला फोन केले. जुने विद्यार्थी, त्यांचे पालक. कुणाचा मोबाइल बदललेला, कुणी केव्हाच पुसलेलं. मग कागलची एक मैत्रीण आठवली. तीही गणिताचीच. तिच्या शाळेतल्या मुलांसाठी तिनं माझे काही तास पेन ड्राइव्हवर नेले होते. फोन केला तर म्हणाली, "ड्रॉवरमध्ये असंल बघ कुठंतरी. ये तू शनिवारी."

शनिवारी सकाळची शाळा करून मी कागलची एसटी धरली. मैत्रिणीनं पेन ड्राइव्ह शोधून ठेवला होता. त्यावर तीन धडे होते. तिच्या घरी, तिच्या लॅपटॉपवर, आम्ही दोघी कान देऊन बसलो. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात कुकरची शिट्टी होती. कुकर कुणी लावला होता ते मला माहीत होतं, पण शिट्टी म्हणजे काही माणूस नव्हे. तिसरा धडा अर्ध्याच्या पुढं गेला आणि आई बोलली.

"आगं, ह्यास्नी च्या ठेवू का, का तुझं हुईस्तवर थांबू?"

जवळून, स्पष्ट. मैत्रिणीनं माझा हात धरला.

पण धडा पुढं चालूच होता. पडद्यावरच्या माझ्या कपाळाला आठी पडली. मी हात पुढं करून माइक बंद केला आणि मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत बोलायला लागले. आवाज काही नाही. नुसते ओठ हलत होते, एक बोट वर होतं, चेहरा रागानं वेडावाकडा झालेला. असं अर्धा मिनिट. मग मी कॅमेऱ्याकडे वळले, हसले, माइक चालू केला आणि म्हणाले, "हं, कुठं होतो आपण?"

आईला मी काय बोलले ते मला आठवेना. अजून आठवत नाही.

घरी आले. आप्पांना तो एकच तुकडा लावून दाखवला. माझं नुसतं तोंड हलतंय ते त्यांना दिसू नये म्हणून आईच्या वाक्यानंतर मी थांबवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. पूर्ण बघितलं.

"ह्यो मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी बघितलाय."

"मी काय म्हणाले होते तिला, आप्पा? तुम्ही तिथंच होता."

"मला कुठलं ऐकू येतंय?"

मग ते उठले, कपाटातल्या आपल्या कपड्यांखालून एक खिशात मावणारी डायरी काढली आणि माझ्या हातात दिली. अक्षर चौथी शिकलेल्या माणसाचं, पण रेघेवर नीट बसवलेलं. अडीच पानं भरली होती. कुठला धडा, कितवं मिनिट, आणि आई काय बोलली.

'त्रिकोण २. बावीस मिनिट. दूध बघ जरा.'

'समांतर. पाच मिनिट. कोथमीर आणायला इसरलीस.'

'समांतर. एकतीस मिनिट. हसली. कशाला ते कळलं न्हाय.'

अशा सगळ्या ओळी. शेवटची ओळ त्याच धड्याची होती, चहाची. तिच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'हितनं म्होरं न्हाय.'

मी मान वर केली.

"त्येच्या म्होरच्या कुठल्याच धड्यात ती न्हाय," आप्पा म्हणाले. "सगळं बघितलं मी, दोन-दोन येळा. तुझा वर्ग सुरू झाला की ती मला हातानं खुणा करायची. मला वाटायचं, माझ्या कानामुळं करती."

ते रागानं म्हणाले नाहीत. नुसतं सांगितलं. मला त्या क्षणी त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणजे मी काही तरी उत्तर तरी दिलं असतं.

आईचं ते एक वाक्य मी आता माझ्या मोबाइलवर, दोन पेन ड्राइव्हवर आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ठेवलं आहे. आप्पा ते फारसं लावत नाहीत. म्हणतात, एकच एक ऐकलं की झिजतं. त्यापेक्षा रविवारी कबनूरहून आले की ते डायरी माझ्यापुढं ठेवतात.

"वाच."

पहिल्या वेळी मला कळेना कसं वाचावं. नकळत मी आईच्या सुरात म्हणायला लागले. त्यांनी हात वर केला.

"तिच्यावाणी नको. तुझ्या आवाजात म्हण. म्हंजे मला ती आठवंल."

म्हणून मी माझ्या आवाजात वाचते, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं. कोथिंबीर, दूध, गॅस, शेजारणीची वाटी, उद्या एकादशी आहे का. हसली, असं लिहिलंय तिथं मी थांबते. तेही थांबतात. मग पान उलटते.

वाचून वाचून ती वाक्यं माझ्यात शिरली आहेत. परवा वर्गात फळ्यावर समांतर रेषा काढत होते, पाठ मुलांकडे होती, आणि माझ्या तोंडून काहीतरी गेलं. वर्ग एकदम शांत झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काय म्हणालात?"

मला सांगता येईना. अर्धी राहिलेली रेघ पुरी केली. मग म्हणाले, "काही नाही. लिहून घ्या पुढचं."